चहावर चहा, तरी झोप का येते?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सदाशिव पेठेत रूम घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतोय. दिवसाला सहा-सात चहा होतात, रात्री नऊला कडक कॉफी, तरी एक-दीडला पेंग येतेच आणि सकाळी डोकं जड. गावी गेलो की आई दोनदाच चहा देते, तेव्हा दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं. कॅफिनने मेंदूत नक्की होतं काय?

उत्तर : अरे, चहा-कॉफीने ताकद येते हे आधी डोक्यातून काढ, थकवा आहे तिथेच असतो, फक्त तो मेंदूला कळत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते पेशींवरच्या ठरावीक जागांवर, म्हणजे रिसेप्टरवर जाऊन बसलं की पेशींचं काम मंदावतं, झोप यायला लागते. कॅफिनचा रेणू साधारण त्याच घडणीचा, त्यामुळे तो त्याच जागा अडवतो, पण पेशी काही मंदावत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच समज. गोची अशी की अडेनोसिन गाडीतून उतरत नाही, उभंच असतं, गर्दी वाढत जाते, आणि रुमाल निघाला की सगळे एकदम बसतात. त्यात रोज पिणाऱ्याचा मेंदू सरावतो, मग तेवढ्याच चहाने पूर्वीइतकी तरतरी येत नाही.

आता तुझी नऊची कॉफी बघू. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. कॉफीत 100 मिलिग्रॅम धरलं तर रात्री दोनला 50 उरतात आणि सकाळी सातला 25! म्हणजे झोप लागली तरी गाढ झोप कमी होते, आणि वाचलेलं पक्कं व्हायला तीच झोप लागते. सकाळचं जडपण बहुतेक इथूनच येतं, मग ते घालवायला परत अमृततुल्य. (कुणी म्हणेल, आमचे आजोबा रात्री चहा पिऊनही घोरायचे, तर खरंय, काहींचं यकृत कॅफिन फार पटकन संपवतं, सिगारेट ओढणाऱ्यांचं तर आणखीच.)

गावची डोकेदुखी आईमुळे नाही हं. कॅफिनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, ते अचानक कमी झालं की रुंदावतात आणि डोकं ठणकतं. 12 ते 24 तासांत सुरू होतं, कधीकधी आठवडाभरही रेंगाळतं. म्हणून एकदम बंद करू नकोस, दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी कर.

माझं ऐकशील तर दुपारी तीननंतर कॉफी नको. दुपारी वाचताना पेंग आलीच तर अर्धा कप पिऊन लगेच वीस मिनिटं आडवा हो, कॅफिन चढायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, उठशील तेव्हा दोन्हीचा फायदा. निरोगी माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, घरच्या कपभर चहात साधारण 30 ते 50 असतं, तेव्हा आकड्यात तू बहुतेक बसतोस, खरा घोळ वेळेचा आहे. पण छातीत धडधड किंवा हात थरथरणं होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव.