लेंग्लेन आणि विल्स यांच्या मधले वर्ष

प्रश्न : फ्रेंच टेनिस स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत १९२७ साली के. बाउमान, नेदरलँड्स, असे नाव आढळले. या खेळाडूविषयी माहिती द्यावी. फ्रान्सची नामवंत खेळाडू सुझान लेंग्लेन त्या वर्षी खेळली नाही म्हणूनच बाउमानला विजेतेपद मिळाले, असे एक मित्र म्हणतात. ते खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : केआ बाउमान यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९०३ रोजी नेदरलँड्सच्या पूर्व भागातील आल्मेलो या गावी झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हेंड्रिक टिमर यांच्या साथीने त्यांनी मिश्र दुहेरीत कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या डच महिला होत.

आता आपल्या मित्रांच्या म्हणण्याविषयी. फ्रेंच स्पर्धा परदेशी खेळाडूंना १९२५ मध्ये खुली झाली आणि पहिली दोन्ही वर्षे लेंग्लेन यांनीच ती जिंकली. १९२६ मध्ये त्या व्यावसायिक, म्हणजे पैसे घेऊन खेळणाऱ्या, झाल्या, आणि तेव्हाच्या नियमांनुसार अशा खेळाडूला हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत प्रवेश नसल्यामुळे १९२७ मध्ये त्या खेळूच शकत नव्हत्या, एवढे खरे आहे. परंतु त्यांची जागा रिकामी झाली म्हणून अजिंक्यपद कोणाच्या हाती आपोआप येत नाही. अंतिम सामन्यात बाउमान यांच्यासमोर दक्षिण आफ्रिकेच्या आयरीन पीकॉक होत्या, ज्यांनी त्याच वर्षी त्याच स्पर्धेत महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवले. त्यांना बाउमान यांनी ६-२, ६-४ असे सरळ दोन सेटमध्ये हरवले. पुढच्या वर्षी या स्पर्धेसाठी रोलाँ गारोसचे नवे स्टेडियम उभे राहिले आणि अमेरिकेच्या हेलन विल्स यांनी सलग तीन वर्षे एकेरी जिंकली. दोन असामान्य खेळाडूंच्या मध्ये सापडल्यामुळे बाउमान यांचे नाव झाकोळले गेले, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे असे आम्हांला मनापासून वाटते. महिला एकेरीत ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीचे, विजेतेपद मिळवणारी दुसरी डच खेळाडू आजवर झालेली नाही (व्हीलचेअर टेनिसमधील डच महिलांची थोर परंपरा येथे अर्थातच वेगळी धरली आहे). पुरुष एकेरीतही पहिल्या डच विजेतेपदासाठी १९९६ साल उजाडावे लागले. ते रिचर्ड क्रायचेक यांनी विम्बल्डनला मिळवले.

एका गोष्टीची मात्र हळहळ वाटते. १९२८ चे ऑलिंपिक बाउमान यांच्याच देशात, अ‍ॅमस्टरडॅमला भरले, त्या वेळी बाउमान चोवीस वर्षांच्या होत्या आणि फ्रेंच विजेतेपदाला जेमतेम वर्ष झाले होते. पण हौशी खेळाडू कोणाला म्हणावे, या आणि अशाच इतर मुद्द्यांवरून ऑलिंपिक समिती व आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांच्यात बेबनाव होऊन टेनिस हा खेळच ऑलिंपिकमधून वगळला गेला होता. पदकांसाठीचे टेनिस परत आले ते थेट १९८८ मध्ये सोलला, म्हणजे बाउमान यांच्या वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी!

१९२९ मध्ये त्यांनी स्पेनच्या लिली दे अल्वारेझ यांच्यासह फ्रेंच स्पर्धेत महिला दुहेरी जिंकली. अल्वारेझ या १९२६ ते १९२८ अशी लागोपाठ तीन वर्षे विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या खेळाडू होत्या, त्यामुळे ही जोडी किती तोलामोलाची असेल याची कल्पना यावी. विवाहानंतर बाउमान यांचे आडनाव टीडेमान झाले. जुन्या नोंदी चाळताना हे आडनावही अवश्य पाहावे. १७ नोव्हेंबर १९९८ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.