सिरियलमधल्या सुनेला बोललेलं कोणाला लागतं?

“आमच्याकडे सिरियलवरून खरीखुरी भांडणं होतात. हे नॉर्मल आहे का?” इंदूरमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. कोणाची आई नायिकेचं लग्न मोडलं म्हणून जेवत नाही. कोणाचे रिटायर झालेले वडील खलनायिका दिसली की टीव्हीवरच ओरडतात. कोणाची कॉलेजातली मुलगी कोरियन मालिकेतली जोडी तुटली म्हणून आठवडाभर उदास असते. घेऊन येणाऱ्याची अपेक्षा बहुधा एकच असते: मॅडम, यांना सांगा की ते सगळं खोटं असतं.

ते मी सांगत नाही. मालिका खोटी असते हे पासष्ट वर्षांच्या बाईला आपल्या आधीपासून ठाऊक असतं.

मध्यंतरी सुदामा नगरातली एक सून आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय तिशीच्या आसपास, आयटीतली नोकरी, काम घरूनच. तिची तक्रार जरा निराळी होती. सासूबाई रोज रात्री आठला मराठी मालिका लावतात आणि तिच्यातल्या सुनेवर तोंडसुख घेतात. “नोकरी करते म्हणजे उपकार करते का?” “आईनं काही वळणच लावलं नाही वाटतं.” आणि त्याच हॉलमध्ये डायनिंग टेबलावर ही लॅपटॉप उघडून बसलेली. “लेकी बोले सुने लागे म्हणतात ना मॅडम? आमच्या घरात लेक नाही, म्हणून टीव्ही आहे.” मला हसू आलं, तिला नाही. सहा-सात महिने ती हे रोज ऐकत होती. आठ वाजत आले की तिच्या पोटात गोळा यायचा. आपण उगाच मनाला लावून घेतो का, एवढंच तिला विचारायचं होतं.

टीव्हीची जागा बदलणं किंवा मालिका बंद करणं शक्य नव्हतं. सासऱ्यांचं म्हणणं असं की मालिका बंद झाली तर या घरातलं मराठीच बंद होईल. नातू आजीला हिंदीतच उत्तर देतो, आणि पुण्याचं मराठी कानावर पडतं ते त्या अर्ध्या तासातच. इंदूरच्या मराठी घरांत हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही.

मी तिला एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर त्या दिवशी मालिकेत काय घडलं ते, उजव्या पानावर सासूबाई काय म्हणाल्या आणि तेव्हा खोलीत कोण कोण होतं ते. कारण ती इतके महिने फक्त उजवं पान ऐकत होती. पडद्यावर काय चाललंय याकडे तिनं कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

डावं पान का महत्त्वाचं, ते थोडं सांगते. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं त्यावर लेख लिहिला. समोरच्याला आपण कोण हे माहीतही नसतं, तरी आपल्याला तो जवळचा वाटतो. त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः कार्यक्रमाचे निवेदक होते. आपल्या डेली सोपनं हे नातं आठवड्याचे पाच-सहा दिवस घरात आणून बसवलं. सख्खी बहीण महिन्यातून एकदा फोन करते, मालिकेतली सून मात्र रोज आठच्या ठोक्याला हजर. शिवाय मालिका प्रेक्षकाला एका विचित्र जागी उभं करते: खिरीत काय मिसळलंय हे आपल्याला दिसतं, खाणाऱ्याला दिसत नाही, आणि आपल्याला काही करता येत नाही. एपिसोड बरोबर तिथेच थांबतो. ओरडायचं नाही तर माणसानं करायचं काय?

हा राग भूमिकेवर असतो, नटीवर नाही, हेही बहुतेकांच्या बाबतीत खरं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतली खलनायिका शनाया करणारी अभिनेत्री मधेच बदलली आणि पुढे पहिली परत आली. माझ्या ओळखीतल्या रामबागेतल्या बायका दोघींना सारख्याच मन लावून शिव्या देत होत्या.

वही घेऊन सून आली तेव्हा थोडी गोंधळलेली होती. सासूबाईंचे सगळ्यात तिखट शब्द सुनेला नव्हतेच. ते होते नायकाला. ‘ठोंब्या’, ‘मेल्याला जीभ नाही’, ‘आई बोलतेय, बायको रडतेय आणि हा खिडकीबाहेर बघतोय’. हे सगळं तिच्या देखतच बोललं गेलं होतं, पण ते तिला टोचत नव्हतं म्हणून तिनं ऐकलंच नव्हतं. सुनेवरची बरीचशी बोलणी ‘सहन का करते ही, बोलत का नाही’ या जातीची होती. हीसुद्धा तिला इतके दिवस टोमणे वाटत होती.

म्हणजे सगळा तिच्या मनाचा खेळ होता? नाही. काही वाक्यांना डाव्या पानावर आधारच नव्हता. बाहेरून जेवण मागवण्यावरून सासूबाई घसरल्या त्या दिवशी मालिकेत वाड्याच्या कागदपत्रांचं प्रकरण चाललं होतं, जेवणाचा विषयही नव्हता. रविवारी उशिरा उठण्याचंही तसंच. ते बोलणं हिच्यासाठीच होतं. असं काही सापडलं की समुपदेशकानं ‘तुम्ही जास्त विचार करता’ म्हणून ते झाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

वहीचा सुगावा लागल्यावर सासूबाई आपणहून आल्या. “माझ्याबद्दल काय काय लिहिलंय, वाचा बरं.” सुनेची हरकत नव्हती. तिनंच वाचलं. ‘ठोंब्या’ला सासूबाई खळखळून हसल्या. जेवणाचं वाक्य आलं तेव्हा क्षणभर थांबून म्हणाल्या, “हे हिलाच होतं. तोंडावर बोलले असते तर मुलगा म्हणाला असता, आई सुरू झाली.” मग रामबागेतल्या वाड्यात नव्या नवरीचे दिवस कसे काढले, सासू बोलायची तेव्हा नवरा पेपरात कसं डोकं घालून बसायचा, ते दोन वाक्यांत सांगून त्या लगेच नातवाच्या परीक्षेवर गेल्या. मीही त्यांना मागे ओढलं नाही. जुनं उकरून काढायला त्या आल्या नव्हत्या.

ठरलं ते इतकंच: सुनेसाठी जे असेल ते तिचं नाव घेऊन, टीव्ही बंद झाल्यावर. मालिका चालू असताना मालिकेतल्या कोणालाही काहीही बोला. सूनही त्या वेळी लॅपटॉप मिटून बसणार, निदान आठवड्यातून काही दिवस.

आता ज्यांचा प्रश्न वेगळा आहे त्यांच्यासाठी थोडं. मालिका पाहून रडणं, चिडणं, दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे चर्चा करणं यात काळजीचं काही नाही. पण टीव्हीतली माणसं आपल्याबद्दलच बोलतात, आपल्याला खुणा करतात असं कोणाला खरंच वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला उशीर करू नका. दोन आठवडे झोप, भूक आणि रोजची कामं बिघडलेली राहिली तर मालिका हे बहुधा फक्त निमित्त असतं, तेव्हाही मदत घ्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि नटीच्या इन्स्टाग्रामवर जाऊन शिव्या लिहिणाऱ्या मुलांना घरच्यांनी सरळ थांबवावं. भूमिका खोटी असली तरी तिकडे वाचणारी बाई खरी असते.

त्या घरात पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या जेवणावरून सासू-सुनेचं समोरासमोर कडाक्याचं भांडण झालं. सुनेनं मला घाबरून फोन केला. मला मात्र बरं वाटलं, कारण भांडण तिच्याशी होतं आणि त्याला उत्तर देता येत होतं. बुधवार-शुक्रवार पोळ्यांना बाई लावायची, असं त्यातूनच ठरलं. आता दोघी मिळून नायकाला बोलतात म्हणे.

त्या वेळी मुलगा सोफ्याच्या टोकाला मोबाइल घेऊन बसलेला असतो. वहीत ‘खोलीत कोण’ या रकान्यात त्याचं नाव रोज आहे, बोलल्याची नोंद एकही नाही. त्यालाही बोलावलंय. मार्च एंडिंग संपलं की येतो म्हणाला आहे.