संदेश, संकेत आणि खूण : पेशींच्या व्यवहाराला कोणता शब्द?

प्रश्न असा आला आहे : "पेशींमधल्या 'सिग्नलिंग'ला मराठीत 'संदेशवहन' म्हणावे की 'संकेतन'? मी रोगप्रतिकार आणि पक्षाघात यांवरील संशोधनाविषयी लेख लिहीत आहे. पाठ्यपुस्तकात एक शब्द सापडतो, शब्दसूचीत दुसरा. शिवाय 'सेकंड मेसेंजर'ला काय म्हणावे?"

एका पेशीने सोडलेल्या रेणूला दुसरी पेशी प्रतिसाद देते, त्या व्यवहाराचा हा प्रश्न आहे. उत्तर एका शब्दात द्यायचे तर 'संकेतन'. 'संदेशवहन' या शब्दाने विषयच चुकीचा समजतो, आणि तरीही तो इतका सर्रास वापरला जातो की पेशी एकमेकींना चिठ्ठ्या धाडतात आणि चिठ्ठीत लिहिलेले काम मुकाट्याने पार पाडतात, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसते. ती पुढे निघता निघत नाही.

'संकेत'चे इशारा, सूचना हे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील. त्यांवर वेळ घालवत नाही. मात्र बातम्यांच्या भाषेने या शब्दाची जी दशा केली आहे तिच्याविषयी बोलणे भाग आहे. कोणी काही मोघम सुचवले की 'संकेत दिले', भाव चढतीलसे वाटले की 'दरवाढीचे संकेत', आभाळ भरून आले की 'पावसाचे संकेत'. हिंदीच्या वळणाने आलेल्या या सवयीमुळे 'संकेत' म्हणजे काहीतरी धूसर आणि अनिश्चित, असा ग्रह झाला, आणि शास्त्रीय लेखन करणाऱ्यांनी तो शब्द टाळून 'संदेश' जवळ केला, असे मला वाटते. वास्तविक मराठीत 'संकेत' म्हणजे आधी ठरलेली गोष्ट. सामाजिक संकेत, रंगभूमीचे संकेत, सांकेतिक भाषा या सर्व प्रयोगांत दोन पक्षांमध्ये पूर्वीच झालेला करार गृहीत धरलेला आहे. संस्कृत काव्यातली अभिसारिका ज्या ठिकाणी जाते ते संकेतस्थळ. ते झाड किंवा तो नदीकाठ येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांना दिसतो, त्याचा अर्थ मात्र दोघांनाच ठाऊक असतो.

आता व्युत्पत्तीकडे वळतो, कारण या शब्दाचे खरे वैभव तिथे आहे. 'संकेत' म्हणजे सम् अधिक केत. 'केत' या शब्दाला खूण, हेतू आणि घर असे तिन्ही अर्थ आहेत. निकेत, निकेतन हे त्याच घरातले. ऋग्वेदातला 'केतु' म्हणजे उजेडासारखी स्पष्ट दिसणारी खूण. पहिल्या मंडलात 'केतुं कृण्वन्नकेतवे', म्हणजे ज्याला खूण नाही त्याला खूण करून देणारा, असा सुंदर प्रयोग आला आहे. हा 'केतु' प्राचीन गॉथिक भाषेतल्या 'हायदुस' या शब्दाचा सगोत्र असून जर्मनमधला 'हाइट' आणि इंग्रजीतला 'हुड' हे प्रत्यय त्याच गोत्रातले आहेत. या साऱ्या कुळाच्या मुळाशी ध्यानात घेणे, ओळखणे या अर्थाचा 'चित्' अथवा 'कित्' धातू आहे. आणि याच 'कित्'ला 'सन्' प्रत्यय लागून 'चिकित्सा' हा शब्द सिद्ध होतो. पाणिनीने 'गुप्तिज्किद्भ्यः सन्' या सूत्रात तो धातू नाव घेऊन सांगितला आहे. संकेत आणि चिकित्सा ही एकाच धातूची अपत्ये आहेत. रोगाची यंत्रणा शोधणाऱ्या विज्ञानाला याहून अनुरूप शब्दकुळ कुठे मिळणार?

येथे परंपरेशी माझे भांडण आहे. धातुपाठ म्हणतो, 'कित निवासे रोगापनयने च', म्हणजे 'कित्'चा अर्थ राहणे आणि रोग दूर करणे. आणि त्यावर विसंबून 'चिकित्सा' म्हणजे मूळातच उपचार, असे सांगणारे विद्वान आजही आहेत. मला हे अर्थ तयार शब्दांवरून मागे जाऊन लावलेले दिसतात. 'निकेतन' समोर होते म्हणून 'निवास' लिहिला गेला, 'चिकित्सा' समोर होती म्हणून 'रोगापनयन'. 'सन्' प्रत्ययाचा नेहमीचा अर्थ इच्छेचा आहे. त्या न्यायाने चिकित्सा म्हणजे नीट पाहण्याची, ओळखण्याची इच्छा, आणि वैद्याचे पहिले काम तेच आहे. याचा साक्षीदार म्हणून मी मराठीलाच उभी करतो. हिंदीत 'चिकित्सक' म्हणजे डॉक्टर; मराठीत चिकित्सक म्हणजे बारकाईने तपासल्याशिवाय काहीही न स्वीकारणारा माणूस. पाठचिकित्सा, ग्रंथाची चिकित्सा, फार चिकित्सा करू नये, हे सारे आपले रोजचे प्रयोग आहेत. या मराठी अर्थाला लाक्षणिक म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी क्रम उलटा लावला आहे. मराठीने जुनी फांदी जपली आणि इतरांनी तिची एक डहाळी तेवढी ठेवली, असे माझे ठाम मत आहे.

असो. 'संकेत' हा शब्द पेशींना का शोभतो, हे सांगण्यासाठी न्यायशास्त्राकडे जावे लागते. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या प्रवेशग्रंथात शब्दशक्तीची व्याख्या अशी आहे : 'अस्मात्पदादयमर्थो बोद्धव्य इतीश्वरसंकेतः शक्तिः'. या पदापासून हा अर्थ समजावा, असा जो संकेत, तीच शब्दाची शक्ती. शब्द आणि अर्थ यांचे नाते स्वभावसिद्ध आहे असे मीमांसक मानतात. नैयायिक म्हणतात, नाही, ते ठरलेले आहे. 'घट' या ध्वनींमध्ये मातीचा कणही नसतो.

रेणूंच्या बाबतीत हेच खरे आहे, आणि ते फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९७० साली जवळजवळ नैयायिकांच्याच भूमिकेवरून मांडले : नियंत्रण करणाऱ्या रेणूची रासायनिक घडण आणि त्याच्यामुळे घडणारी क्रिया यांच्यात कोणतेही अपरिहार्य रासायनिक नाते नसते. अॅड्रेनालिनचेच पाहा. ते हृदयाच्या स्नायूपेशीवरील बीटा ग्राहीला, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, पेशीच्या आत चक्रीय एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होतो, आणि स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. तेच अॅड्रेनालिन श्वासनलिकेच्या भिंतीतील स्नायूपेशीवर बसते, तेथेही बीटा ग्राही असतो, आतही तोच चक्रीय एएमपी तयार होतो, आणि स्नायू सैल पडतो. यकृतात त्याच जोडीमुळे साठवलेले ग्लायकोजेन मोडून साखर बाहेर येते. एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूत चक्रीय एएमपी वाढणे म्हणजे ग्लुकोजची टंचाई. डिक्टिओस्टेलियम या एकपेशी जीवाच्या वस्तीत तोच रेणू म्हणजे 'एकत्र या'. बाहेरचा रेणू तोच, आतला तोच, अर्थ निरनिराळे. यात 'संदेश' कुठे आहे? अर्थ रेणूत नाही, तो ग्राही आणि त्याच्या मागची पेशी यांनी आधीच ठरवलेला आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ गॉर्डन टॉमकिन्स यांनी १९७५ मध्ये चक्रीय एएमपीला जिवाणूच्या उपासमारीचे 'प्रतीक' म्हटले, ते याच कारणाने.

रेणूला संदेश मानल्याने नावेही फसतात. १९७५ मध्ये ज्या प्रथिनाला 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', म्हणजे गाठ मारणारा घटक, हे नाव मिळाले, तेच प्रथिन शरीर खंगवणारे 'कॅकेक्टिन' म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत अभ्यासले जात होते. दोन्ही एकच असल्याचे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. आज आपल्याला ठाऊक आहे की त्याच प्रथिनामुळे एखादी पेशी जगण्याची तयारी करते आणि एखादी स्वतःला संपवते, ते तिच्या आतल्या परिस्थितीवर अवलंबून असते.

'संदेश' हा शब्द मी हद्दपार करत नाही, त्याची जागा वेगळी आहे एवढेच. सम् अधिक दिश्, म्हणजे दाखवणे, सांगणे. आदेश, उपदेश, निर्देश ही त्याची भावंडे. संदेश दूताजवळ दिला जातो आणि तो बदल न होता पोचावा अशी अपेक्षा असते, कारण मजकूर त्याच्या आत असतो. पेशीत असा एक पदार्थ आहे. १९६१ मध्ये ज्याचे अस्तित्व सिद्ध झाले तो 'मेसेंजर आरएनए' जनुकातला मजकूर तीन तीन अक्षरांच्या गटांनी रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेतो, आणि तिथे तो क्रमाने वाचला जातो. तेथे 'संदेशवाहक' किंवा 'संदेशक' म्हणणे शंभर टक्के योग्य आहे. संप्रेरकाला (हॉर्मोनला) आणि सायटोकाइनला, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी सोडतात त्या प्रथिनांना, तेच विशेषण लावले की मजकूर असलेला आणि नसलेला यांतला भेद पुसला जातो.

पक्षाघाताचा अभ्यास करणाऱ्याला मात्र हे दोन शब्दही पुरत नाहीत. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत तेथील एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, संपते, आयनांचे पंप बंद पडतात, आणि चेतापेशींतून ग्लुटामेट बेसुमार बाहेर सांडते. एरवी हेच ग्लुटामेट चेतापेशींमधला सर्वांत नेहमीचा संकेत आहे. अतिरेकामुळे ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहींतून कॅल्शियमचा लोंढा आत शिरतो आणि पेशी मरू लागते. पेशी फुटली की तिच्या आत राहायला हवे ते बाहेर येते : उरलेसुरले एटीपी, केंद्रकात डीएनएजवळ असणारे एचएमजीबी-१ हे प्रथिन. मेंदूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी त्यांना ओळखतात आणि दाहाची प्रक्रिया सुरू होते. आता एटीपी हा कोणी पाठवलेला संदेश नव्हे, आणि मरणाऱ्या पेशीने केलेला संकेतही नव्हे. धुरावरून अग्नी ओळखावा तसे हे आहे. न्यायशास्त्रात त्याला 'लिंग' म्हणतात, पण आजच्या मराठीत त्या शब्दाचा दुसराच अर्थ रूढ असल्यामुळे आपला 'खूण' हा शब्द घ्यावा. जिवाणूच्या भिंतीतले लायपोपॉलिसॅकराइड हीदेखील खूणच. जिवाणू ते आपल्या भिंतीसाठी बनवतो, आपल्याला कळावे म्हणून नव्हे. रोगप्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये परक्याच्या खुणांविषयी आणि पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ मध्ये धोक्याच्या खुणांविषयी जे मांडले, त्या वादात 'सिग्नल' या एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी कोंबल्या गेल्या. मराठीत तसे करण्याची आपल्याला गरज नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो : संकेताला ठरवणारा लागतो, पेशींनी कुणाशी ठरवले? आक्षेप घेणाऱ्यांनी तर्कसंग्रहाचे ते वाक्य पुन्हा वाचावे. तेथेही बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर बसून काही ठरवत नाहीत. ठरलेले त्यांना आयते मिळते. अन्नंभट्टांनी ती जागा ईश्वरेच्छेला दिली, जीवशास्त्र ती उत्क्रांतीला देते. करार आहे याचा पुरावा हा की एकट्या रेणूत किंवा एकट्या ग्राहीत बदल झाला की व्यवहार मोडतो. आणि करार नको तिथे लागू झाला तरी रोग होतो. पक्षाघातानंतर ताणाच्या प्रसंगी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था नॉरअॅड्रेनालिन सोडते, ते बीटा ग्राही असलेल्या लसीकापेशी या रोगप्रतिकारक पेशींपर्यंतही पोचते, आणि रोगप्रतिकार मंदावतो; पक्षाघाताच्या रुग्णांना फुप्फुसांचा संसर्ग वारंवार होतो त्यामागचे हे एक कारण मानले जाते. २००३ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात प्रोप्रॅनोलॉल या औषधाने ते ग्राही अडवले तेव्हा जिवाणूसंसर्ग घटला.

जाता जाता, 'सिग्नल ट्रान्सडक्शन', म्हणजे बाहेरच्या संकेतामुळे पेशीच्या आत बदल घडवणारी प्रक्रिया, यासाठी 'संकेत-संक्रमण' लिहू नये. हिंदीच्या अनुकरणाने 'संक्रमण' म्हणजे संसर्ग असे वाचण्याची सवय अलीकडे लागली आहे, आणि रोगप्रतिकाराविषयीच्या लेखात त्यामुळे अनर्थ होईल. 'संकेत-रूपांतर' म्हणावे, पेशीच्या आवरणाशी घडते ते रूपांतरच असते.

चक्रीय एएमपीसारख्या पेशीच्या आतल्या रेणूसाठीची 'सेकंड मेसेंजर' ही संज्ञा अर्ल सदरलँड यांच्या संशोधनातून आली. त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे 'दुय्यम संदेशवाहक' हे भाषांतर दोनदा चुकते. तो रेणू क्रमाने दुसरा आहे, महत्त्वाने दुय्यम नाही. आणि तो संदेश वाहत नाही. 'द्वितीय संकेतक' लिहावे. तुमच्या लेखातले एखादे वाक्य मग असे होईल : 'फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेले एटीपी ही नाशाची खूण मायक्रोग्लिया आपल्या पी२एक्स७ ग्राहीने ओळखतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हा संकेत सोडतात, ज्या पेशींवर त्याचा ग्राही आहे त्या पेशी आपल्या जनुकांवरून नवे संदेश, म्हणजेच संदेशक आरएनए, उतरवून घेतात.'