देवाने संकटातून तारलं, पण नंतर माझी भक्ती ढिली पडली. परत कसं वळू?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी आईच्या ऑपरेशनच्या वेळी पांडुरंगाला साकडं घातलंत, आई सुखरूप घरी आली आणि तुम्ही आळंदीला जाऊन वारकऱ्याची तुळशीमाळ गळ्यात घातलीत. आता हरिपाठ सुटलाय, एकादशी खिचडीपुरती उरलीय आणि याचं वाईटही वाटेनासं झालंय. पण वाईट वाटतंय, नाहीतर विचारलं नसतंत. वारकरी याला अनुताप, म्हणजे पश्चात्ताप, म्हणतात, आणि परतायला तेवढा पुरतो.

मला वाटतं, घोटाळा आळसाच्या आधी झाला. साकडं घातलं, काम झालं, माळ घातली, म्हणजे फिटलं, असं मनाने धरलं. एकदा फिटलं म्हटल्यावर रोज देवापुढे बसायचं कारणच उरत नाही. पण आई वाचली ती तुमच्या नवसाच्या बदल्यात नव्हे. ती कृपा होती, आणि तिची परतफेड होत नसते. तिच्याकडे रोज पाहावं लागतं. म्हणून सुरुवात जपाने करू नका. रात्री अंथरुणावर बसून पाच मिनिटं ते दिवस आठवा: ऑपरेशनच्या दारासमोरचा बाक, डॉक्टर बाहेर आले तो क्षण, आईने घरी आल्यावर पहिल्यांदा मागितलेला चहा. मोघम ‘देवाची कृपा’ म्हणून मन हलत नाही. मग दिवसभरातली एकच चूक, जिथे घडली त्या जागेसकट, देवाला सांगा. एकच. दहा चुका मोजायला बसलं की ‘मी किती वाईट’ यातच माणूस रमतो आणि देव बाजूला राहतो.

त्यानंतर जपमाळेवर ‘रामकृष्णहरी’ची एक माळ. १०८ मण्यांना शांतपणे चार-पाच मिनिटं लागतात. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडायचा नाही. आणखी जप करायचा असेल तर तिथून माळ उलटी फिरवायची. पहिले पंधरा दिवस एवढंच. मग हरिपाठ घ्या. माउलींचे २७ अभंग नुसते वाचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, टाळ-मृदंगावर चालीत म्हटले तर बराच वेळ लागतो. वेळ दिवेलागणीची धरली तर पुण्यात नोकरी करणाऱ्याची पंचाईत होते, त्या वेळी तो वाहतुकीत अडकलेला असतो. त्यापेक्षा सकाळी आंघोळीनंतर म्हणा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हातात छापील पुस्तक घ्या. पानं उलटताना मन सुटलं तर लगेच कळतं.

खाडा पडेलच, बहुधा नवा हुरूप ओसरल्यावर. दुसऱ्या दिवशी दुप्पट जप करून भरपाई करू नका, कारण तो पुन्हा हिशेबच झाला. ठरलेलं तेवढंच करा.

एकादशीचं म्हणाल, तर वर्षाला २४ असतात आणि अधिक मास आला की २६. कॅलेंडरवर स्मार्त आणि भागवत अशा दोन दिसल्या तर वारकरी भागवत धरतात. दशमीच्या रात्री हलकं जेवा, एकादशीला फळं, दूध किंवा थोडी भगर घ्या, द्वादशीला सकाळी पारणं करा. साबुदाणा आणि बटाट्याने पोट जड झालं की संध्याकाळच्या कीर्तनात डुलकी लागते, आणि उपास तर जागं राहण्यासाठी आहे. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको. त्या दिवशी नाम वाढवा.

आळंदी तुम्हाला पीएमपीच्या बसने गाठता येते. कार्तिक वद्य एकादशीच्या गर्दीत न जाता एखाद्या साध्या वारी पहाटे जा. समाधीचं दर्शन घ्या, मग अजानवृक्षापाशी लोक ज्ञानेश्वरी वाचत बसतात तिथे तासभर बसा. काही मागू नका. आषाढीच्या आधी तर माउली आणि तुकोबा दोघांच्याही पालख्या आपल्याच पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, एक भवानी पेठेत, एक नाना पेठेत. रस्त्याकडेला उभं राहून फोटो काढण्यावर थांबू नका. निघण्याच्या दिवशी निदान हडपसरपर्यंत पालखीबरोबर चाला. तिथून दोन्ही वाटा वेगळ्या होतात.

कृपा मिळालेल्या माणसाच्या हातून ती पुढेही जायला हवी, यावर मी ठाम आहे. भावाशी बोलणं बंद असेल तर पहिला फोन तुम्ही करा, मूळ भांडण न उकरता. ससून रुग्णालयाच्या आवारात बाहेरगावहून आलेले नातेवाईक दिवसेंदिवस बसून असतात. आठवड्यातून एकदा दोन डबे घेऊन जा: पोळी, सुकी भाजी, उन्हाळ्यात ताक. द्यायचे ते नातेवाइकांना. रुग्णाचं पथ्य आपल्याला माहीत नसतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, नेम मोडलाय तर माळ काढून ठेवू का? नको. माळ तुटली तर नवी घालेपर्यंत न जेवणाऱ्या लोकांची ही परंपरा आहे. आपणहून काढायचा प्रश्नच येत नाही. मांस-मद्य घडलं असेल तर मात्र ज्यांच्या हातून माळ घेतलीत त्या महाराजांना समक्ष भेटून स्पष्ट सांगा आणि ते म्हणतील तसं करा. ते रागावतील म्हणून टाळू नका. हेच सांगायला त्यांच्याकडे माणसं येत असतात. दशमीला संध्याकाळी गेलात तर दुसऱ्या दिवशीची एकादशी नव्याने धरता येईल.