वंशवादी म्हणून टीका झालेली जुनी पुस्तकं वाचावीत, की सोडून द्यावीत?

वाचा. फक्त हातात पेन्सिल ठेवा. का, ते सांगते.

जोसेफ कॉनराडची 'हार्ट ऑफ डार्कनेस', आफ्रिकेतल्या नदीवरच्या बोटप्रवासाची कादंबरी, मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचली आणि पार भारावून गेले. ती नदी, ते धुकं, रात्री जंगलातून येणारे ढोलांचे आवाज! यात काही खटकण्यासारखं आहे हे डोक्यातही आलं नाही. का आलं नाही, हे खूप उशिरा उमगलं. वाचताना मी गोष्ट सांगणाऱ्या मार्लोच्या शेजारी, गोऱ्यांच्या बोटीत जाऊन बसले होते. ज्यांचा देश लुटला जात होता ती माणसं काठावर ओरडत होती आणि एका जुन्या वसाहतीत जन्मलेली मी त्यांनाच घाबरत होते.

मग कधीतरी चिनुआ अचेबे यांचं 1975 मधलं व्याख्यान हाती लागलं. या नायजेरियन लेखकाने अमेरिकेतल्या एका विद्यापीठात उभं राहून कॉनराडला सरळ वंशवादी म्हटलं होतं. त्यावर आजही वाद झडतात, पण मला त्यातला एक अगदी साधा मुद्दा चिकटला: या पुस्तकात आफ्रिकन माणसं बोलतात किती वेळा? मी पुन्हा पुस्तक उघडून खुणा करत गेले. दोनदा. एकदा बोटीवरचे भुकेले खलाशी काठावरची माणसं खायला मागतात तेव्हा, आणि एकदा हस्तिदंत गोळा करणारा गोरा एजंट कुर्ट्झ मेल्याची वर्दी द्यायला पोऱ्या दारातून डोकं आत घालतो तेव्हा. बाकी सगळा नुसता गलका.

कॉनराडची बाजूही आहे, आणि ती हलकी नाही. तो 1890 मध्ये स्वतः काँगोत गेला होता. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याने तो मुलुख चक्क खासगी जहागिरीसारखा ठेवला होता. साखळदंडाने बांधलेले मजूर, झाडाखाली निपचित पडून मरणारी माणसं, हे सगळं कॉनराडने लिहिलंय. लुटीची त्याला चीड होती, हे मी मानते. पण ज्यांची लूट होतेय त्यांनाही काही म्हणायचं असेल, हे त्याला सुचलं नाही.

अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (1958) नंतर लगेच वाचा. माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात जहरी पान तिचं शेवटचं आहे. अख्खी कादंबरी आपण नायक ओकोंक्वो या नायजेरियन गावकऱ्याबरोबर काढलेली असते: त्याचं शेत, त्याचा संताप, त्याची मुलं. शेवटी तो गळफास घेतो. इंग्रज जिल्हाधिकारी तिथून परतताना आपल्या आगामी पुस्तकाचा विचार करत असतो. या माणसावर एक प्रकरण होईल का? नको, एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

आता शार्लट ब्रॉन्टेची 'जेन एअर'. नायक रॉचेस्टरची पहिली बायको जमैकाहून आणलेली, वेडी म्हणून माडीवर कोंडलेली. ती हसते, गुरगुरते, चावते. तिचं बोलणं कळतं ते मात्र दुसऱ्यांच्या तोंडून. 1966 मध्ये जीन ऱ्हीस यांनी 'वाइड सरगॅसो सी' लिहून तिला आवाज दिला. ऱ्हीस स्वतः कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या, गोऱ्या क्रिओल, म्हणजे वसाहतीतच जन्मलेल्या युरोपीय वंशाच्या. त्यांची नायिकाही तशीच, गुलाम राबवणाऱ्या घरातली: इंग्रजांना ती पुरती इंग्रज वाटत नाही आणि काळी माणसं तिला 'गोरं झुरळ' म्हणतात. ओळखीचा हा गुंता मला इतका नीट दुसरीकडे कुठे सापडला नाही.

पण तिथेही एक ख्रिस्तोफिन आहे, नायिकेला वाढवणारी काळी बाई. ती रॉचेस्टरला तोंडावर सुनावते, मला लिहितावाचता येत नाही, पण बाकी पुष्कळ कळतं म्हणते, आणि मागे न बघता चालू लागते. ती पुढे कुठे गेली, हे ऱ्हीसही सांगत नाहीत. मी समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.