चंद्र कधी उगवतो, ते आधी बघ

प्रिय बाळ,

तुझी कथा आणि पत्र दोन्ही मिळाली. पत्रात तीनदा 'आदरणीय मॅडम' आहे. इथं भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडं मला सगळे लायब्ररीवाली काकू म्हणतात, तूही तेच म्हण. उत्तराला दीड महिना लागला, कारण धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, चालू होते. यंदा बाया मिळेनात, म्हणून मीही बांधीत, धानाच्या खाचरात, उतरले. दिवसभर चिखलात वाकल्यावर रात्री भूत सुचत नाही, खूनही सुचत नाही.

रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखिकेचा दिवस कसा असतो, असं विचारलंस. पहाटे साडेचारला उठते, कारण सहानंतर घर माझं राहत नाही. वहीत लिहिते, कारण लाइन कधी जाईल सांगता येत नाही. मग दुपारी मोबाइलला तेच वाचून दाखवते, तो टाइप करतो. 'मर्ग', म्हणजे पोलिसांकडची अकस्मात मृत्यूची नोंद, म्हटलं की हटकून 'मार्ग' लिहितो. एका हस्तलिखितात पोलिसांनी सात वेळा मार्ग दाखल केला होता. संध्याकाळी चार ते सात लायब्ररी. 'ड' वर्गाची आहे, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत. पावसात भिंतीकडची दोन कपाटं पुढं ओढावी लागतात.

तिथं प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो. मला लिहायला कुणी शिकवलं असेल तर त्या कागदानं. रहस्यकथेचा कागद भरतो, त्यावर दुसरा चिकटतो, त्यावर तिसरा. आषाढ-श्रावणात पान कोरं, कारण गाव बांधीत असतं. धान कापून चुरणं, म्हणजे मळणी, झालं, मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे, दिवस आले, की तारखा एकमेकींवर चढतात. आमच्या एका पुस्तकाचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय. पुढचा प्रत्येक वाचक परत करताना मला विचारतो, 'मंग केलं कोणं?' दहा वर्षं मी तोंडी तेच पान सांगते आहे. दर वेळी थोडं सुधारून.

हे वाचक तुला सोपे वाटतील. नाहीत. एकदा दिवाळी अंकात माझी दीर्घकथा आली. वद्य पंचमी, संध्याकाळचे सात, तळ्याच्या पाळीवर चांदणं, आणि त्या चांदण्यात एक म्हातारी खुन्याचा चेहरा ओळखते. अंक आल्याच्या चौथ्या दिवशी जागलीला जाणारा एक शेतकरी लायब्ररीत आला, अंक टेबलावर ठेवला आणि म्हणाला, 'काकू, पंचमीचा चांद सातले कसा निंगल जी? नऊ तं वाजतेच.' खरंच होतं. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो, पुढं रोज साधारण पाऊण तास उशिरा, आणि वद्य अष्टमीला तर मध्यरात्रीच्या सुमारास. माझ्या म्हातारीनं काळ्याकुट्ट अंधारात चेहरा ओळखला होता. साक्षीदार गेली, साक्ष गेली, कथाच गेली. संपादकाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. ज्याच्या रात्री रानडुकरं हाकण्यात जातात, त्याच्या आलं. तेव्हापासून लिहायच्या जागी कालनिर्णय टांगलेलं असतं.

आता तुझी कथा. गाव धानाचं, महिना जुलैचा, आणि तुझा गुप्तहेर मुंबईहून ओव्हरकोट घालून येतो. बाळ, जुलैत आमच्याकडं ओव्हरकोट घातला तर खून करायची गरजच नाही, माणूस उकाड्यानंच जाईल. सकाळी दाट धुकंही आहे. ते धुकं इथलं नाही, तू वाचलेल्या पुस्तकांतलं आहे. पाऊस घे ना त्याऐवजी. आठ दिवसांची झड लागली की रस्ता बंद, चुलबंद नदीला पूर, फोनला रेंज नाही. गावात अडकलेली बारा माणसं तुला फुकटात मिळतात.

प्रेत सापडल्यावर दहा मिनिटांत तुझ्याकडं फॉरेन्सिकची गाडी येते. इथं आधी पोलीस पाटलाला निरोप जातो. तो ठाण्याला कळवतो, बीटचे जमादार येतात, मर्ग दाखल होतो, दोन पंच धरून पंचनामा. मग प्रेत ग्रामीण रुग्णालयात. कारण स्पष्ट नसेल तर डॉक्टर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात आणि तो नागपूरच्या प्रयोगशाळेत जातो. अहवालाला वेळ लागतो. तुला ही अडचण वाटली, म्हणून तू गाडी आणलीस. पण मला विचारशील तर कादंबरीचा सगळा मधला भाग त्या वाट बघण्यातच आहे. अहवाल यायचा आहे, तोवर खुनी आणि मयताचा भाऊ शेताच्या एकाच धुऱ्यावर समोरासमोर येतात, एकाच दुकानात विडी पेटवतात. ते लिही. आणि कथा आत्ताची असेल तर ठाणेदाराच्या तोंडी तीनशे दोन घालू नकोस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं कलम १०३. लोक अजून बोलण्यात तीनशे दोनच म्हणतात, ते त्यांच्या तोंडी राहू दे. कागदावर मात्र १०३.

सुगावे कुठून आणू, असं विचारलंस. उन्हाळा लागताना मोहफुलं गळतात. फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळून टाकतात. पहाटे बाया टोपल्या घेऊन जातात, तेव्हा झाडाखाली काळी राख आणि तिच्यावर पिवळट फुलं. आता सांग, त्या राखेवर रात्री कुणी चाललं असेल तर? पाऊल उमटेल, वर फुलं गळतील, काही फुलं पावलाखाली चिरडलेली असतील आणि काही पावलावर अलगद पडलेली. कोणती खाली, कोणती वर, यावरून माणूस केव्हा गेला हे वेचणारी बाई सांगू शकते. तिला भिंग लागत नाही. ही कल्पना तुला देऊन टाकली, माझ्याकडून आता होणार नाही.

एक गोष्ट मी लिहीत नाही: फवारणीच्या औषधानं केलेला खून. कथानकाला फार सोयीचं आहे, बाटली घरोघर असते. पण २०१७ साली यवतमाळकडं फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, आणि ज्या घरात ती बाटली कुणी स्वतःहून तोंडाला लावली, अशा घरातली मुलं माझ्या लायब्ररीत येतात. त्यांनी पान उलटावं आणि तिथं माझी चतुराई असावी, हे मला जमत नाही. तुला जमत असेल तर तुझं तू बघ.

वेग शिकायचा असेल तर दिवाळीनंतर वडसा भागातलं एखादं झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं रात्रभर चालणारं, नाटक बघ. नाटक बघूच नकोस खरं तर, प्रेक्षक बघ. रात्रभर थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली माणसं चहाला नेमकी कधी उठतात, ते वहीत लिहून ठेव. मी लिहायची. दुःखाच्या प्रवेशात उठत नाहीत, विनोदात तर नाहीच. जे आधीच कळलंय ते कुणी पुन्हा सांगायला लागलं, की अर्धा मांडव चहाकडं. तुझ्या कथेत पान तेरा ते अठरा चहाची आहेत.

पैशांचं थोडक्यात. यावर पोट भरत नाही, माझं धानावर भरतं. दिवाळी अंकाची कथा पावसाळ्याच्या तोंडाशी तयार हवी, म्हणजे थंडीची भुतं मे महिन्याच्या उन्हात लिहायची. आणि कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. माझी पहिली तीन पुस्तकं एका प्रकाशकाला मी 'सर्व हक्क' असं लिहून दिली, मुदत लिहिलीच नव्हती. पुढं कुणीतरी ऑडिओसाठी विचारलं तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. तालुक्याच्या वकिलानं कॉपीराइट कायदा काढून दाखवला: करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. माझी पाच वर्षं केव्हाच उलटून गेली होती. त्या रात्री आम्ही घरी पुरणपोळी केली.

'खरं साहित्य कधी लिहिणार?' हे तुलाही विचारतील. मला एका सत्कारात, माझ्याच सत्कारात, विचारलं होतं. मी नारळ घेतला आणि घरी आले.

तुझी कथा मी शेजारच्या आजीला वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही, ऐकते मात्र कान देऊन. पान नऊवर तिनं मला थांबवलं. म्हणाली, खून पुतण्यानं केला. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, 'तो म्हणते आठ दिस रोवण्यात होतो. आन् उंबऱ्यापाशी जोडा काढला तं पाय कसे, गोरे न् साफ. चिखल्या कुठी गेल्या त्याच्या?'

पान नऊ मी पुन्हा काढून पाहिलं. पाय आहेत, 'गोरेपान, स्वच्छ' असंच लिहिलंयस. आता मला एवढंच कळव, ते तू मुद्दाम लिहिलंस की सहज? आणि शेवटची चार पानं पाकिटात नव्हती, ती पाठव. आजी रोज संध्याकाळी विचारते.

तुझी,
लायब्ररीवाली काकू