डोंगरगावच्या सांगाड्याविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले टायटॅनोसॉरच्या, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या एका गटातील प्राण्याच्या, सांगाड्याचे चित्र सुबक आहे; परंतु कवटीपासून मागच्या पावलांपर्यंत प्रत्येक हाड तू एकाच शाईने रेखाटले आहेस, आणि मला नेमके त्याविषयीच लिहायचे आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे 1980च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी लॅमेटा या डायनोसॉरकालीन खडकांच्या थरांतून हा प्राणी बाहेर काढला. मान, पाठ आणि शेपटीचे मणके, बरगड्या, कमरेची व खांद्याची हाडे आणि पुढच्या पायाची हाडे मिळाली. कवटी, मागचे पाय आणि पावले मात्र मिळाली नाहीत. जैन आणि बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याला 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' म्हटले आणि 2003 मध्ये विल्सन व अपचर्च यांनी त्याच संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (आय.एस.आय.) 'आयसिसॉरस' हे नवे नाव दिले.

हा बदल का करावा लागला, हे नीट समजून घे. जबलपूरला 1828 मध्ये स्लीमन यांना मिळालेल्या जीवाश्मांतील शेपटीच्या मणक्यांवरून लिडेकर यांनी 1877 मध्ये 'टायटॅनोसॉरस' हे नाव दिले. पुढून खोलगट आणि मागून फुगीर असे मणके त्या काळी वैशिष्ट्यपूर्ण वाटले. परंतु पुढे जगभरच्या टायटॅनोसॉरांत तीच घडण आढळली, आणि एका प्राण्याला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याचा आधार त्या नावापाशी उरला नाही. डोंगरगावचा सांगाडा अपुरा असूनही वेगळा प्राणी म्हणून टिकला, कारण त्याच्या हाडांत स्वतःची अशी वैशिष्ट्ये आहेत. म्हणून हाडांच्या संख्येपेक्षा ती हाडे काय वेगळे सांगतात, हे मला अधिक मोलाचे वाटते.

जवळच्या पिसदुरा येथील विष्ठाश्मांत (दगड झालेल्या विष्ठेत) गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. ते गवत खाणारा प्राणी टायटॅनोसॉर असावा, हा अनुमानाचा भाग आहे. म्हणून तुझ्या टिपणातील 'आयसिसॉरस गवत खात असे' हे विधान बदल.

चित्रात मिळालेली हाडे गडद आणि नातलगांवरून घेतलेली फिकट ठेव. कवटीसाठी मादागास्करच्या रापेटोसॉरस या टायटॅनोसॉरचा आधार घेता येईल, कारण त्याच्या कवटीची हाडे उपलब्ध आहेत. मात्र तो आधार चित्राखाली स्पष्ट लिही. आधी मूळ वर्णनातील हाडांची यादी उतरवून काढ, मगच पेन्सिल हातात घे, आणि नवे चित्र यादीसह पाठव.

तुझा,
मार्गदर्शक